गाळलेल्या जागांचं गाणं

ब्लॅकपिंक या चौघींच्या कोरियन गटाचं 'जंप' हे गाणं लोकांनी आधी मैदानात ऐकलं आणि मग फोनवर. ५ जुलै २०२५ ला सोलला खेटून असलेल्या गोयांगच्या स्टेडियममध्ये चौघींनी ते पहिल्यांदा सादर केलं. ध्वनिमुद्रण बाजारात आलं ११ जुलैला. जगभराचा दौरा सुरू होत होता, तेव्हा त्यांच्या कंपनीच्या लेखी हा जाहिरातीचा साधा हिशेब असणार. पण या गाण्याबद्दल जे म्हणायचं आहे त्यातलं निम्मं या क्रमातच येऊन जातं. मैदानात ज्यांनी ते ऐकलं ते उड्या मारत होते. घरी हेडफोन लावून बसलेल्यांपैकी बरेच जण मात्र बुचकळ्यात पडले.

त्यांचंही चूक नव्हतं. सप्टेंबर २०२२ च्या 'बॉर्न पिंक'नंतर तोवर चौघींचा एकत्र अल्बम आला नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्याच मोबाइल गेमसाठी केलेलं एक गाणं, आणि मग चार दिशांना चौघी. डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात रोझे, जिसू, लिसा, जेनी अशा क्रमानं चौघींचे स्वतंत्र संग्रह आले. चौघींचा वेगळा आवाज, वेगळी आवड त्यात दिसली. त्या पुन्हा एकत्र येणार म्हटल्यावर त्या चार आवाजांचं काहीतरी नवं रसायन होईल, अशी अपेक्षा कुणीही धरली असती. आणि हाती काय आलं, तर पावणेतीन मिनिटांचा धडधडाट.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सुरुवातीनंच फसवलं. गिटारचं एक वळण येतं, जुन्या वेस्टर्न सिनेमात ओसाड गल्लीत दोन बंदूकधारी समोरासमोर ठाकले की वाजतं तसलं. वाटलं, आता यावर काहीतरी रचलं जाणार. मग खालून ठोका शिरतो. या गाण्याच्या निर्मात्यांमध्ये अमेरिकेचा डिप्लो आहे, आणि ठोका हार्डस्टाइल नावाच्या घराण्यातला आहे. हा प्रकार नव्वदच्या दशकाच्या अखेरीला नेदरलँड्समधल्या नाचाच्या अड्ड्यांवर तयार झाला. त्यात बेस ड्रमचा आवाज यंत्रातून इतका फाडतात आणि ताणतात की ठोक्यालाच स्वर चढतो. चाल वाजवायचं काम ढोलाकडे येतं. गायकाला मग करण्यासारखं फारसं उरत नाही. रॅपच्या ओळी होतात, मध्ये एक सुरेल टप्पा येतो, तो वर चढतो, आता ध्रुवपद फुटणार म्हणून आपण सरसावून बसतो, आणि नेमकं तिथेच गाणं थांबतं. उरतो ठोका आणि अधूनमधून एखादी हाळी.

"मग चाल कुठंय?" असं मी विचारलं तेव्हा माझी भाची माझ्याकडे दयेनं बघून म्हणाली, "मावशी, हे बसून ऐकायचं गाणंच नाही."

पोरीनं सहज म्हटलेलं हे वाक्य बरंच लांब जातं. आपला कान ध्रुवपद आणि अंतऱ्यावर पोसलेला आहे. गाणं म्हणजे संगीतकारानं बांधलेली चाल आणि ती पेलणारा गळा, अशी आपली पक्की समजूत. चांगलं गाणं कोणतं, तर जे पंखा बंद करून, डोळे मिटून ऐकावं. या कसोटीवर कोरियन मुलींच्या गटांची बहुतेक गाणी नापास होतात आणि मग ठरलेला शेरा येतो: कारखान्यातला माल. कारखाना आहेच, तो कुणी नाकारत नाही. प्रश्न असा की त्या कारखान्यातून बाहेर पडणारी वस्तू पुरी असते का. माझ्या मते ती मुद्दाम अर्धवट ठेवलेली असते. तिच्यात जागा गाळलेल्या असतात, आणि त्या भरायचं काम कुणाचं हे आधीपासून ठरलेलं असतं. म्हणून असल्या नव्या गाण्याबद्दलचं पहिलं मत देताना 'कसं वाटलं' याच्याआधी 'काय सोडलंय आणि कुणासाठी' हे विचारायला हवं.

कोरियात नवं गाणं आलं की बऱ्याच कंपन्या चाहत्यांसाठी एक अधिकृत तक्ता काढतात. कोणत्या ओळीनंतर काय ओरडायचं, सुरुवातीच्या संगीतावर गटातल्या मुलींची पूर्ण नावं कोणत्या क्रमानं घ्यायची, कुठे गायिकेची ओळ उचलून म्हणायची, कुठे गप्प बसायचं. मग 'म्युझिक बँक' किंवा 'इंकिगायो'सारख्या साप्ताहिक कार्यक्रमांची चित्रीकरणं होतात. ती पुष्कळदा पहाटे किंवा भल्या सकाळी असतात आणि त्यासाठी पोरं रात्रीपासून रांगेत असतात. तिथे हा तक्ता पाठ करून आलेला शेदोनशे जणांचा जथा जे ओरडतो ते गाण्याच्या सादरीकरणाचाच भाग असतं. हे एकदा पाहिलं की मूळ ध्वनिमुद्रणातल्या काही चमत्कारिक पोकळ्यांचा उलगडा होतो. दोन ओळींच्या मध्ये उगाच दीड मात्रा मोकळी का ठेवली आहे? ती मोकळी नाहीच. तिथे नाव यायचंय.

दुसरी जागा अंगासाठी. २००७ मध्ये वंडर गर्ल्स या गटाच्या 'टेल मी'नं अख्खा देश नाचवला, त्यात पोलीस आणि सैनिकांनी स्वतःचे व्हिडिओ केले, तेव्हापासून प्रत्येक गाण्यात एक अशी हालचाल ठेवायची की शाळकरी मुलीला आरशासमोर दहा मिनिटांत जमली पाहिजे. त्या हालचालीच्या वेळी शब्द कमी हवेत, ठोका ठळक हवा. ब्लॅकपिंकचे जुने रचनाकार टेडी यांनी हे टोकाला नेलं. २०१८ चं 'दु-दु दु-दु', २०१९ चं 'किल धिस लव्ह', २०२० चं 'हाउ यू लाइक दॅट' ही सगळी एकाच युक्तीवर उभी आहेत: ध्रुवपदाआधी चाल फुलवत न्यायची, आणि ऐन ध्रुवपदात गाणं काढून घेऊन वाद्याच्या हाती द्यायचं. 'जंप'नं तेच केलं, फक्त आधीच्या गाण्यांत ती जागा नाचाच्या एका मुद्रेसाठी होती, इथे ती उडीसाठी आहे. उडीला तर आरसाही लागत नाही.

एवढ्यावर कुणी म्हणेल, म्हणजे श्रोत्याला सहभागी करून घेणारी, मोठी लोकशाहीवादी कला झाली ही! थांबा. श्रोत्याकडून काम करून घेणं आणि श्रोत्याला वाव देणं यात अंतर आहे. कंपनीचा तक्ता पाठ करून ओरडणं हे पहिल्यात मोडतं. पुढची कामं तर गाण्याशी संबंधितसुद्धा नाहीत. गाणं यादीत वर चढावं म्हणून फोनवर रात्रभर आवाज बंद करून ते वाजवत ठेवायचं, एकाच अल्बमची चार वेगळी वेष्टनं घ्यायची, आतमध्ये कोणत्या मुलीचा फोटो निघेल हे नशिबावर असल्यामुळे तोच अल्बम पुन्हा घ्यायचा, सहीच्या कार्यक्रमाची सोडत लागावी म्हणून आणखी घ्यायचा. २०२३ मध्ये कोरियन गटांच्या अल्बमची विक्री १० कोटी प्रतींच्या वर गेली. सीडी वाजवायचं यंत्र घरात नसलेल्या पिढीनं घेतलेल्या या सीड्या आहेत. तत्त्वज्ञ आडोर्नोनं १९४१ मध्ये लोकप्रिय संगीतावर लिहिताना तक्रार केली होती की ही गाणी श्रोत्याच्या वतीनं स्वतःच ऐकून टाकतात, श्रोत्याला काही करायला उरतच नाही. त्याला हा धंदा बघायला मिळता तर त्याची तक्रार उलटी झाली असती: इथे श्रोत्याला इतकं काही करायला लागतं की ऐकायलाच वेळ उरत नाही.

हातातली ती रंगीत दिव्याची कांडी घ्या. प्रत्येक गटाची वेगळी. ब्लॅकपिंकची हातोडीसारखी असून तिला दोन गुलाबी बदाम आहेत. मोठ्या कार्यक्रमात ही कांडी ब्लूटूथनं नियंत्रण कक्षाला जोडतात. आपला आसनक्रमांक ॲपमध्ये भरायचा, की पुढचे दोन तास आपल्या हातातला दिवा कधी लागेल, कोणत्या रंगाचा होईल, हे तिकडे बसलेला तंत्रज्ञ ठरवतो. वरून बघताना स्टेडियमभर लाटा उठतात, अक्षरं उमटतात. दिवा विकत आपण घ्यायचा आणि त्याचं बटण त्यांच्याकडे. या सगळ्या व्यवस्थेचं इतकं नेमकं चित्र मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

आता याच व्यवस्थेनं घडवलेल्या एका गाण्याचं काय झालं ते पाहू. ऑगस्ट २००७ मध्ये एसएम एंटरटेनमेंटनं गर्ल्स जनरेशन हा नऊ मुलींचा गट आणला. त्यांचं पहिलं गाणं 'इंटू द न्यू वर्ल्ड', चाल केन्झी या संगीतकार बाईंची. साडेचार मिनिटांच्या आसपासचं, प्रेमाचं आणि उमेदीचं, कुणालाही न दुखावणारं. पुढच्याच वर्षी, जून २००८ च्या 'ड्रीम कॉन्सर्ट'मध्ये, इतर गटांच्या चाहत्यांनी त्यांच्यावरचा राग काढला: मुली मंचावर असेपर्यंत प्रेक्षकांच्या मोठ्या भागानं हातातले दिवे बंद ठेवले. तेव्हाचे दिवे स्वतःच्या बटणावर चालत. भरायच्या जागा भरायला गर्दी नकारही देऊ शकते, हे त्या रात्री मंचावरच्या पोरींनी फार लहान वयात पाहिलं. निष्ठुर प्रकार होता, पण गर्दीचा स्वतःचा होता.

आणि मग २०१६ चा जुलै. सोलच्या इह्वा महिला विद्यापीठानं नोकरदारांसाठी नवं महाविद्यालय काढायचं ठरवलं. आम्हाला न विचारता पदव्यांचं दुकान मांडताय, म्हणत विद्यार्थिनींनी मुख्य इमारतीत ठिय्या दिला. ३० जुलैला सुमारे १६०० पोलीस आवारात आले. मुलींनी एकमेकींच्या हातात हात अडकवले. अशा वेळी म्हणायची जुन्या चळवळीतली गाणी कोरियात पुष्कळ आहेत, पण या मुलींना ती पाठ नव्हती, आणि ती आपली वाटतही नव्हती. सगळ्यांना शब्दन्‌शब्द येत होतं असं एकच गाणं निघालं: शाळेत असताना ज्यावर नाच बसवला होता ते, गर्ल्स जनरेशनचं पहिलं. पोलिसांच्या रांगेसमोर, वाद्य नाही, ध्वनिक्षेपक नाही, घाबरलेल्या आवाजात त्यांनी ते म्हटलं. त्याची चित्रफीत देशभर फिरली. ३ ऑगस्टला विद्यापीठानं योजना मागे घेतली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू पायउतार झाल्या, कारण तोवर एका वजनदार बाईच्या मुलीला दिलेल्या प्रवेशाचं प्रकरण बाहेर आलं होतं. ती वजनदार बाई म्हणजे राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांची सखी. त्या धाग्याचं टोक मार्च २०१७ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या बडतर्फीपर्यंत गेलं. हे सगळं गाण्यानं घडवलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण पोलीस समोर उभे असताना, आपल्यातून कुणी उठून जाऊ नये यासाठी त्या मुलींनी काहीतरी एकत्र करायला हवं होतं, आणि ते त्यांना एका मनोरंजन कंपनीनं नकळत शिकवून ठेवलं होतं.

 

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन सक-यॉल यांनी लष्करी कायदा पुकारला. काही तासांत संसदेनं तो उठवायला लावला. त्यानंतरच्या दिवसांत योइदो बेटावर संसदेसमोर जी गर्दी जमली तिच्यात विशी-तिशीतल्या मुलींचा भरणा डोळ्यांत भरण्याजोगा होता. २०१६ च्या, पार्क यांच्याविरुद्धच्या निदर्शनांत मेणबत्त्या होत्या. मेणबत्त्या वाऱ्यानं विझतात, असं तेव्हा एका सत्ताधारी खासदारानं हिणवलं, तर लोकांनी सेलवरचे दिवे आणले. या वेळी मुलींनी कपाटातल्या कांड्याच काढून आणल्या. हिरवी, गुलाबी, पांढरी, निळी, कोणाची कुठली आणि कोणाची कुठली. कधीकाळी एकमेकींच्या गटांसमोर दिवे विझवणारे हे पंथ एका रस्त्यावर उभे होते, आणि इथे नियंत्रण कक्ष नव्हता. ट्रकवरच्या भोंग्यांतून एस्पा या गटाचं 'व्हिपलॅश' वाजलं, रोझेचं 'आपाट' वाजलं, ठोक्यांच्या मधल्या पोकळीत महाभियोगाच्या घोषणा बसल्या. चाहत्यांना बरोबर जागेवर ओरडायचा सराव होताच. आणि 'इंटू द न्यू वर्ल्ड' पुन्हा आलं, सतरा वर्षं जुनं. १४ डिसेंबरला संसदेनं २०४ मतांनी महाभियोग मंजूर केला.

म्हणजे गाळलेली जागा ज्यानं गाळली त्याच्याच मालकीची राहते असं नाही. कंपनीनं विक्रीसाठी सोडलेल्या पोकळीत दुसरंच काहीतरी येऊन बसू शकतं. 'कारखान्यातला माल' या शेऱ्याला माझं उत्तर एवढंच आहे, आणि बहुतेक चाहते-लेखक इथे येऊन आनंदानं थांबतात.

मला इथे थांबवत नाही, कारण सगळ्या पोकळ्या सारख्या नसतात. गणेशोत्सवात मंडपातल्या आरतीला आणि मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीला, दोन्हीकडे माणसांनी भर घातल्याशिवाय अर्थ नसतो. पण आरती चालू असताना वीज गेली तर कुणी थांबत नाही. टाळ्या आणि झांजांवर ती पुढे जाते, उलट जरा जोरातच. जनरेटर बंद पडला की डीजेसमोरची पोरं मात्र एकमेकांची तोंडं बघत उभी राहतात. इह्वाच्या मुलींकडे जनरेटर नव्हता. त्यांना ते गाणं उपयोगी पडलं, कारण केन्झीबाईंनी त्यात अखंड चाल ठेवली होती: खालून सुरू होऊन पायरी पायरीनं वर जाणारी, बेसूर गळ्यालाही धरून ठेवणारी. त्या गाण्यातली मोकळी जागा अर्थाची होती. 'नवं जग' म्हणजे कोणतं, हे शब्दांनी सांगितलं नव्हतं. ते मुलींनी भरलं. 'जंप'मधली मोकळी जागा आवाजाची आहे, आणि तो आवाज बनतो फक्त हजारो वॅटच्या भोंग्यांतून. भोंगा काढून घ्या, ध्रुवपद उरत नाही. रस्त्यावर हात अडकवून बसलेल्या पन्नास मुली हार्डस्टाइलचा बेस ड्रम तोंडानं कसा काढणार?

यावर योइदोचाच दाखला माझ्याविरुद्ध देता येईल. तिथे 'व्हिपलॅश' चाललंच की, आणि तेही जवळपास चाल नसलेलं गाणं आहे. खरं आहे. पण तिथे ट्रक होता, परवानगी होती, थंडी होती पण पोलीस अंगावर येत नव्हते. ठोका गर्दीला जागं ठेवतो, हे मी मान्य करते. गर्दी पातळ झाल्यावर, ट्रक निघून गेल्यावर काय उरतं, ही माझी शंका आहे. 'आपाट'ची गोष्ट वेगळी: ते दारू पिताना खेळायच्या एका कोरियन खेळातल्या आरोळीवर बांधलेलं आहे. ती आरोळी गाण्याच्या आधीपासून लोकांच्या तोंडी होती आणि टेबलावर हात आपटले की झालं, त्यामुळे ते कुठेही चालतं. तेच गाणं गाजवणाऱ्या रोझेच्या गटानं पुढच्याच वर्षी स्टेडियमबाहेर तग न धरणारं ध्रुवपद आणावं, याचं कारण मला कलेपेक्षा दौऱ्याच्या वेळापत्रकात दिसतं. मैदानं भरायची आहेत. मैदानाला चाल ऐकू जात नाही, ठोका जातो. बाजाराच्या हिशेबात तर गाणं पक्कं उतरलं. बिलबोर्डच्या जागतिक दोनशे गाण्यांच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं.

कुठलं गाणं पुढे कुणाच्या कामी येईल, हे २००७ मध्येही कुणाला सांगता आलं नसतं. त्याला नऊ वर्षं लागली. 'जंप'लाही तेवढा अवधी द्यायला माझी हरकत नाही. भाची म्हणते तसं ते उभं राहून ऐकावं लागतं, आणि उभं राहून ऐकल्यावर मलाही ते आवडलं. गुडघ्यांनी तक्रार केली तो भाग वेगळा. पण ते कधी स्टेडियमबाहेर गेलंच, भोंगे नसलेल्या जागी कुणाच्या ओठांवर आलंच, तर ते या गाजलेल्या धडधडाटामुळे येणार नाही. येईल ते त्याच्या आधीच्या त्या थोड्या सेकंदांमुळे, जिथे चौघी सरळ चाल धरून गातात आणि ज्यानंतर ध्रुवपद येईल अशी मी उगाच वाट बघत होते.